मेक्सिकन राइस घरी: ढोबळी मिरची, ओरिगानो आणि केचपशिवाय

निवडुंग

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचा होता, आज मुहूर्त लागला.

आपल्याकडे हॉटेलात मेक्सिकन राइस मागवला की काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. शिजवलेला बासमती, त्यात तीन रंगांची ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, राजमा, वरून ओरिगानो आणि चिली फ्लेक्स, आणि लाल रंगासाठी केचप. सिझलर मागवला तर त्याच्या कडेलाही हाच. तो मी खाते, पण मेक्सिकन लोकांच्या घरात जो भात होतो त्याचा याच्याशी फारसा संबंध नाही आणि मला तो घरचा भात इथे पुण्यात करायचाय.

आम्ही काही वर्षं टेक्सासात सॅन अँटोनियोला होतो, शेजारचं कुटुंब मूळचं मेक्सिकोतल्या पुएब्लाचं. त्यांच्याकडचा भात फिकट केशरी, दाणा न दाणा सुटा, मध्ये गाजराचे बारीक तुकडे आणि मटार. चव टोमॅटो, कांदा, लसूण आणि चांगल्या सूपची. मसाला नाहीच. काकूंची पद्धत मी ओट्याशी उभी राहून बघितलीय. तांदूळ गरम पाण्यात पंधराएक मिनिटं भिजवायचा, मग पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा आणि चाळणीत निथळत ठेवायचा, अगदी कोरडा होईपर्यंत. तोवर टोमॅटो, पाव कांदा आणि लसणाच्या दोन पाकळ्या कच्च्याच मिक्सरमधून काढायच्या. जाड बुडाच्या पातेल्यात तेल सढळ हाताने घालून तांदूळ सोनेरी होईपर्यंत परतायचा, जास्तीचं तेल ओतून काढायचं, मग वाटण गाळून घालायचं. ते पूर्ण आटलं की गरम चिकन सूप, मीठ, गाजर, मटार, कोथिंबिरीची काडी आणि न चिरलेली अख्खी मिरची. एक उकळी आली की झाकण, मंद आच, आणि त्यानंतर अजिबात हात लावायचा नाही.

माझं मत असं की हा भात परतण्यावर उभा आहे, मसाल्यावर नाही. प्रश्न तीन. इथे मिळणारा कोणता तांदूळ घ्यावा? आमच्याकडे सासूबाई शाकाहारी, तर चिकन सूपऐवजी काय, की ज्याने चव पोकळ वाटणार नाही? आणि वाटण गाळणं खरंच गरजेचं आहे का?

साधाभात

वाचतोय. तोंडाला पाणी सुटलं.

तिखटमीठ

निवडुंग, पद्धत छान लिहिलीयस पण हॉटेलातल्या मेक्सिकन राइसला इतकं का झोडपायचं गं? माझ्या मुलांचा तो जीव की प्राण आहे. डोंबिवलीत आमच्या सोसायटीत कुणाचाही वाढदिवस असो, तो भात लागतोच. शेजवान राइस आपण आपला मानला ना, मग हा पण आपला माना. मी घरी करते त्यात आदल्या दिवशीचा भात, ढोबळी, मका, उकडलेला राजमा, लसूण, काश्मिरी मिरचीची पेस्ट आणि शेवटी लिंबू पिळते. दहा मिनिटांत डबा तयार. त्याला मेक्सिकन म्हणू नका म्हणालात तर नाव बदलते पण करायची थांबणार नाही :)

निवडुंग

तिखटमीठ, झोडपत नाहीये गं, खरंच. डब्याला तुझाच भात सोयीचा. मला फक्त दुसरा हवाय.

केरेतारोकर

अरे वा, माझ्या जिव्हाळ्याचा धागा. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं मध्य मेक्सिकोतल्या केरेतारोत आहे, दुपारचं जेवण बहुतेक वेळा फोंदामध्ये. फोंदा म्हणजे आपल्या खानावळीसारखं, घरगुती, बहुतेक ठिकाणी बायकाच चालवतात. दुपारी एक-दीड ते चार या वेळात ठरलेलं ताट मिळतं, त्याला कोमिदा कोर्रिदा म्हणतात. त्यात आधी पातळ सूप येतं, मग भात येतो आणि त्यानंतर मुख्य पदार्थ, बीन्स आणि टॉर्टिया. म्हणजे भात इथे स्वतंत्र येतो, मुख्य पदार्थाच्या आधी. त्याला चक्क कोरडं सूप म्हणतात, सोपा सेका, आणि करायची रीत बघितली तर पटतं, कारण अख्खं सूप तांदळाच्या पोटात गेलेलं असतं. काही ठिकाणी भाताच्या जागी शेवयाही तशाच करतात.

भातावर थोडे पैसे जास्त देऊन तळलेलं अंडं मागायची पद्धत आहे. आणि काही लोक त्यावर केळ्याच्या चकत्या घेतात! टोमॅटोच्या खारट भातावर गोड केळं. नाक मुरडू नका, आपण शिकरण-पोळी खाणारी माणसं आहोत, एकदा खाऊन बघा.

निवडुंग यांनी लिहिलेली पद्धत शंभर टक्के बरोबर आहे. एकच भर घालतो. तांदूळ परतताना रंगापेक्षा आवाजाकडे लक्ष द्या. सुरुवातीला दाणे ओलसर आणि जड हलतात, नंतर झाऱ्याने ढवळलं की वाळू सरकल्यासारखा सळसळ आवाज येतो. तो आला की वाटण घालायची वेळ झाली. मी जिथे जेवतो तिथल्या बाई गप्पा मारत पाठमोऱ्या उभ्या असतात आणि आवाज बदलला की वळतात.

मसाल्याबद्दल: इथे मध्य मेक्सिकोत या भातात जिरं नाही, ओरिगानो नाही, तिखटाची पूड तर नाहीच.

गवतीचहा

केरेतारोकर, जिऱ्याबद्दल थोडं थांबा. मी ह्यूस्टनला आहे आणि इथे टेक्समेक्स, म्हणजे टेक्सासी वळणाच्या मेक्सिकन, हॉटेलांत जो भात मिळतो त्यात जिरं असतंच, त्याला इथले लोक स्पॅनिश राइस म्हणतात. जिरं आणि चिली पावडर. इथे ज्याला चिली पावडर म्हणतात ती निव्वळ मिरची नसते, मिरची, जिरं, ओरिगानो, लसूण असं मिश्रण असतं, आणि ते बाटलीत भरून विकायची सुरुवात टेक्सासातच झाली, १८९० च्या दशकात, गेबहार्ट नावाच्या जर्मन स्थलांतरिताने. त्यामुळे इथल्या जेवणात ती चव घट्ट बसलीय. उत्तर मेक्सिकोतल्या माझ्या मैत्रिणीही भातात चिमूटभर जिरं घालतात, मोंतेर्रेची एक तर लसूण आणि जिरं एकत्र दगडी खलात वाटून घालते. तेव्हा जिरं चुकीचं असं म्हणता येणार नाही, प्रांताप्रांताचा फरक आहे.

आता शाकाहाराबद्दल, कारण मी पूर्ण शाकाहारी आहे. अमेरिकेत किंवा मेक्सिकोत जाणाऱ्या शाकाहारी मराठी लोकांनी हे लक्षात ठेवा की तो निरुपद्रवी दिसणारा केशरी भात बहुतेक ठिकाणी चिकन सूपमध्ये शिजवलेला असतो. नाहीतर चिकनच्या चवीची नॉर कंपनीची पूड असते. घोटलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते. "मांस नको" असं सांगून उपयोग नाही, कारण सूपला कुणी मांस धरतच नाही, वेटर प्रामाणिकपणे हो म्हणतो आणि भात आणतो. थेट विचारायचं की भातात काल्दो दे पोयो, म्हणजे चिकन सूप, घातलंय का. हेच शब्द वापरा, लगेच कळतं.

साधाभात

बाप रे, गेल्या वर्षी डॅलसला मुलाकडे असताना आठवड्यातून दोनदा खात होतो तो भात. मी खातो सगळं, पण सोबत बायको असायची आणि ती माळकरी. आता हे तिला सांगू की नको?

गवतीचहा

काका, झालं ते झालं. पुढच्या वेळी आधी विचारा.

आज्जी_डोंबिवलीची

निवडुंग बाळा, वाचलं सगळं. मला सांग हा आपला टोमॅटो भातच नाही का? फोडणी तेवढी नाही.

निवडुंग

आज्जी, दिसायला बहीण आहे पण खरंच वेगळा लागतो. टोमॅटो भातात आपण फोडणीत मोहरी-हिंग-कढीपत्ता घालतो, टोमॅटोच्या फोडी शिजवतो, मग तांदूळ टाकतो, जेमतेम एखादा मिनिट परततो आणि पाणी. इथे तांदूळ आधी चांगला आठ-दहा मिनिटं परतला जातो आणि टोमॅटो त्या तापलेल्या तांदळावर पडतो. टोमॅटोचा कच्चेपणा तिथेच जातो आणि प्रत्येक दाण्याला रंग बसतो. भाजलेल्या तांदळाची एक चव येते ती टोमॅटो भातात कधीच नसते.

प्रयोगवही

मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो म्हणून थोडं शास्त्र सांगतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

भात चिकट का होतो तर दाण्याबाहेर आलेल्या स्टार्चमुळे. धुण्याने पृष्ठभागावरची पीठ-भुकटी जाते. परतण्याने प्रत्येक दाण्यावर तेलाचं पातळ आवरण बसतं, शिवाय वरच्या थरातला स्टार्च कोरड्या उष्णतेने थोडा बदलतो, तो नंतर सहज चिकट होत नाही आणि खमंग वासही येतो. पण त्यासाठी तांदूळ कोरडा हवा. ओला तांदूळ तेलात टाकला तर तो परतला जात नाही, वाफवला जातो, बाहेरून फुगतो आणि झाऱ्याने तुटतो. म्हणून निथळण्याची पायरी घाईत उरकू नका. मोठ्या चाळणीत पसरून अर्धा तास ठेवा, फॅनखाली ठेवला तरी चालेल.

वाटण आटवायचं का, तर टोमॅटोत बहुतांश पाणीच असतं, ते उडाल्याशिवाय कढईतलं तापमान शंभर अंशाच्या वर जातच नाही आणि लसूण-कांद्याचा कच्चा वास जात नाही. पाणी उडालं की वाटण तेलात परतलं जातं. कडेला तेल दिसायला लागलं की सूप घाला, आणि सूप उकळतं घाला म्हणजे तापलेला भात मध्येच थंड होत नाही.

ढवळायचं नाही याचंही कारण तेच. अर्धवट शिजलेला दाणा नाजूक असतो, ढवळला की कडा मोडतात, स्टार्च बाहेर येतो, खीर होते. आणि गॅस बंद केल्यावर झाकण न उघडता दहा मिनिटं ठेवायचं, त्या वेळात खालच्या आणि वरच्या थरातला ओलावा सारखा होतो.

वाटण गाळण्याबद्दल: साली आणि बिया राहिल्या तर भातात लाल ठिपके दिसतात, चवीला काही बिघडत नाही. मिक्सर चांगला असेल तर नाही गाळलं तरी चालतं. पण आपले संकरित टोमॅटो जाड सालीचे असतात, त्यांच्या साली गुंडाळ्या होऊन दातात येतात, म्हणून मी तरी गाळतो.

केरेतारोकर

प्रयोगवही सर, मस्त. एक शंका नाही, पुरवणी. केरेतारो समुद्रसपाटीपासून साधारण १८०० मीटरवर आहे, मेक्सिको सिटी तर २२४० मीटर. तिथे पाणी ९२-९३ अंशालाच उकळतं. म्हणून इथल्या पाककृतीत एका वाटीला दोन वाट्या किंवा त्याहून जास्त सूप लिहिलेलं असतं आणि वेळही जास्त लागतो. तेच माप मुंबईत घेतलं तर भात गिजगोळा होणार. इंटरनेटवरची मेक्सिकन पाककृती बघून करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

प्रयोगवही

अगदी बरोबर मुद्दा. मी सुचवेन की मुंबई-पुण्यात जुन्या तांदळाला वाटणासकट एकूण दोन वाट्या द्रव पुरतो. म्हणजे अर्धी वाटी वाटण असेल तर दीड वाटी सूप.

पाचवा_मजला

मी एकटा राहतो, एक कुकर आणि एक कढई एवढाच संसार. कुकरमध्ये होईल का?

तिखटमीठ

होईल की. कुकरमध्येच तांदूळ परत, वाटण आटव, पाणी थोडं कमी घाल कारण वाफ बाहेर जात नाही, एक शिट्टी, आणि कुकर आपोआप उतरू दे. मटार मात्र मऊ पडतात, ते नंतर वेगळे वाफवून मिसळ.

पाचवा_मजला

धन्यवाद ताई. रविवारी करतो.

मुळशीकर

तांदळाचा प्रश्न माझ्या प्रांतातला. आमची भातशेती आहे म्हणून अधिकाराने लिहितो. इंद्रायणी आणि आंबेमोहोर या कामाला घेऊ नका. दोन्ही मुळातच मऊ आणि चिकटसर, वरण-तूप-लिंबाला त्यांच्यासारखं काही नाही, पण परतून सुटा भात करणं हा त्यांचा स्वभावच नाही. आंबेमोहोराचा स्वतःचा वास इतका सुंदर की त्यावर लसूण-टोमॅटो ओतवत नाही. बासमती सुटा होतो पण त्याचाही वास मध्ये येतो, आणि लांब दाणा परतताना तुटतो.

माझी शिफारस जुना कोलम. वाडा कोलम मिळाला तर उत्तम, पालघरकडचा, २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बारीक दाणा, हलका, वास बेताचा. जुना म्हणजे किमान वर्षाचा. नवा तांदूळ कितीही परता, चिकटणारच. दुकानदाराला विचारून घ्या, आणि दाणे तळहातावर घेऊन बघा, जुना तांदूळ किंचित पिवळसर दिसतो.

केरेतारोकर

मुळशीकर दादा, तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. मेक्सिकोचाही मानांकन असलेला तांदूळ आहे, मोरेलोस राज्यातला, २०१२ मध्ये त्याला मूळस्थानाचं मानांकन मिळालं. होहुत्ला हे गाव त्यासाठी प्रसिद्ध. दाणा जाडसर, पोटाशी पांढरा, आणि पाणी भरपूर पितो, शिजल्यावर चांगला फुगतो. रोपं लावून, पाण्याखालच्या खाचरात करतात, तुमच्यासारखीच लावणी. पण देशाला लागणारा बहुतेक तांदूळ बाहेरूनच येतो, त्यामुळे रोजच्या घरात लांब दाण्याचा आयात तांदूळ असतो. मोरेलोसचा थोडा महाग. फोंदावाल्या बाई सणासुदीला तो आणतात, मोले असेल त्या दिवशी. मोले म्हणजे मिरच्या, तीळ, सुका मेवा, मसाले आणि थोडं चॉकलेट वाटून केलेला दाट रस्सा, आणि त्याच्या शेजारी हाच केशरी भात, लग्नाकार्यात तर ठरलेला.

मुळशीकर

लावणीचे फोटो टाका की तिकडचे. बांधबंदिस्ती कशी करतात ते बघायचंय.

वऱ्हाडी_ठेचा

अवांतर आहे पण राहवत नाही म्हणून लिहितो. मेक्सिकोच्या शेतीचा विषय निघाला आणि आमच्या वर्ध्याच्या माणसाचं नाव कोणी घेतलं नाही हे काही बरं नाही बाप्पा. पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांनी मायदेशी येऊ दिलं नाही, १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले आणि तिथे चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायला लागले. मक्याच्या सुधारित वाणांवर काम केलं, गव्हावर केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. प्रसिद्ध मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराने मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जी चित्रं काढली त्यात खानखोजे आहेत. स्वातंत्र्यानंतर परत आले, नागपूरला १९६७ मध्ये गेले. चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा २०२२ मध्ये बसवला. आमच्याकडच्या शाळेत त्यांच्यावर एक ओळ नव्हती याचा मला अजून राग येतो.

निवडुंग

वऱ्हाडी_ठेचा, अवांतर कसलं, उलट आभार. मला हे नाव माहीत होतं पण चापिंगोचं माहीत नव्हतं.

केरेतारोकर

ते भित्तिचित्र मी बघितलंय. टेबलाभोवती माणसं बसलीत, आणि मध्यभागी भाकरी वाटून देणारी आकृती आहे ती खानखोज्यांची असं सांगतात. माझ्यासोबतच्या मेक्सिकन सहकाऱ्याला मी सांगितलं की हा माणूस माझी भाषा बोलायचा, तर तो बराच वेळ तिथून हललाच नाही.

साधाभात

अंगावर काटा आला.

तिखटमीठ

खानखोज्यांना नमस्कार. आणि आता भाताकडे चला, निवडुंगच्या सासूबाई उपाशी आहेत. सूपचा प्रश्न तसाच राहिला.

गवतीचहा

हो, तोच लिहायला आले होते. मी करून बघितलेले पर्याय सांगते. बाजारातली भाज्यांच्या सूपची वडी चालते पण तिच्यात मीठ खूप असतं, मग वेगळं मीठ घालू नका. टेक्सासातल्या बऱ्याच मेक्सिकन घरांत बदक छापलेला पिवळा डबा असतो, एल पातो, तिखट टोमॅटो सॉसचा, तो वाटणात अर्धा घातला की सूपची उणीव फारशी जाणवत नाही. भारतात तो मिळणं कठीण, त्याऐवजी वाटणातच एखादी हिरवी मिरची घाला.

आणि एक गोष्ट. हा भात साध्या पाण्यात केला तर खोटा ठरतो असं अजिबात नाही. मेक्सिकोत ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, निदान त्यातले शुक्रवार, श्रद्धाळू लोक मांस खात नाहीत, तेव्हा घरोघरी हाच भात पाण्यात होतो आणि सोबत बटाट्याच्या टिक्क्या असतात. माझी मैत्रीण त्या दिवसांत लसूण दुप्पट घालते आणि कोथिंबिरीची अख्खी छोटी जुडी दोऱ्याने बांधून वर ठेवते, भात झाला की काढून टाकते.

आज्जी_डोंबिवलीची

हे काय अवघड आहे. मटारच्या सोललेल्या शेंगांचं पाणी करा. टरफलं धुऊन, त्यात कोथिंबिरीचे देठ, कांद्याचा बुडखा, दोन मिरी, गाजराची सालं, मीठ, आणि वीस मिनिटं उकळून गाळा. गोडसर आणि दाट वासाचं पाणी निघतं. मटारचा सीझन नसेल तर पुरणाला डाळ शिजवतो तेव्हा कट निघतो ना, तो. कटाची आमटी सगळे करतात, कटात भात करून बघा एकदा. दाटपणा येतो. मी कटात साधा खारा भात करत आलेय वर्षानुवर्षं.

केरेतारोकर

आज्जी, दंडवत! तुम्ही म्हणताय ते इथे करतात. काळ्या बीन्स शिजवून जे गडद पाणी उरतं त्यात भात शिजवतात, आणि तो काळपट-जांभळा होतो. ओआहाका, बेराक्रुझ भागात. तिथे सूप मिळत नाही म्हणून नाही, आवडीने करतात. म्हणजे डाळी-कडधान्याच्या पाण्यात भात हे मेक्सिकन स्वयंपाकात बसतं. राजमा उकडून पाणी घेतलं तरी चालेल, फक्त रंग केशरी राहणार नाही.

तिखटमीठ

घ्या! राजमा आलाच शेवटी मेक्सिकन राइसमध्ये. मी म्हणत होते ना :)

निवडुंग

हाहा, मान्य. पाण्याच्या रूपाने आला.

प्रयोगवही

कटाबद्दल एक सावधगिरी. त्यात डाळीचा स्टार्च असतो, म्हणजे भात थोडा चिकट होण्याकडे झुकणार. निम्मा कट, निम्मं मटारच्या शेंगांचं पाणी असं घ्या आणि कट आधी निवळू द्या, वरचं पातळ तेवढंच वापरा.

पाचवा_मजला

रविवारी केला. कुकरमध्ये. टोमॅटो वाटून आटवायला वेळ लागतो पण वास काय सुटतो राव, समोरच्या फ्लॅटमधले काका विचारायला आले. अख्खी मिरची टाकली होती ती न फुटता शिजली, तिखट अजिबात झालं नाही, नुसता मिरचीचा वास. तळलेलं अंडं ठेवलं वर. केळं नाही घेतलं, धीर झाला नाही.

गवतीचहा

ती मिरची शेवटी ज्याला तिखट लागतं त्याच्या ताटात वाढायची असते. मेक्सिकन घरात तिच्यावरून भांडणं होतात.

निवडुंग

मंडळी, काल केला. वाडा कोलम वाण्याकडे मिळाला, जुना. सांगितल्याप्रमाणे मोठ्या चाळणीत पसरून ठेवला. माप लिहून ठेवते म्हणजे पुढच्यांना उपयोगी पडेल: तांदूळ १ वाटी, लाल पिकलेले मध्यम टोमॅटो २, कांदा पाव, लसूण २ मोठ्या पाकळ्या, तेल ३ मोठे चमचे, आज्जींचं मटारच्या शेंगांचं पाणी दीड वाटी, गाजर अर्धं, मटार मूठभर. वाटण गाळून अर्ध्या वाटीला जरा जास्तच भरलं. परतायला दहा मिनिटं लागली, आवाज खरंच बदलतो, केरेतारोकर यांनी लिहिलं नसतं तर मी आधीच वाटण ओतलं असतं. मंद आचेवर सोळा मिनिटं, मग दहा मिनिटं झाकण ठेवून. जास्तीचं तेल काढावं लागलं नाही कारण तीनच चमचे घातलं होतं.

दाणे सुटे, रंग फिकट केशरी, आणि चव त्या सॅन अँटोनियोच्या काकूंच्या अगदी जवळ. थोडी वेगळी आहे, चिकन सूपचा भरीवपणा वेगळाच असतो, पण पोकळ नाही वाटली. सासूबाईंनी दोनदा घेतला आणि सोबत ताक मागितलं, जे मेक्सिकोत कुणी देणार नाही पण इथे चालतं. जिरं मी घातलं नाही. पुढच्या वेळी गवतीचहांच्या मोंतेर्रेच्या मैत्रिणीसारखं लसणासोबत वाटून बघेन.

एकच अडचण, आत्ता मिळणारे टोमॅटो आंबट आहेत. तिकडचे गोडसर असायचे. साखर घालू का?

मुळशीकर

साखर नको. टोमॅटो दोन-तीन दिवस घरात ठेवून पूर्ण लाल होऊ द्या, फ्रिजमध्ये ठेवू नका. गावरान आंबट असतात, या कामाला लांबट संकरित घ्या, त्यात गर जास्त, पाणी कमी आणि आंबटपणाही कमी.

केरेतारोकर

आणि इथेही भातासाठी लांबट टोमॅटोच वापरतात. कांदा किंचित वाढवला तरी गोडवा येतो.

साधाभात

बायकोला सांगितलं. ती म्हणाली पांडुरंगाला माहीत आहे, आता घरी शेंगांच्या पाण्यातला कर. उरला तर दुसऱ्या दिवशी चालतो का हो? आम्ही दोघंच.

प्रयोगवही

चालतो, पण भात बाहेर ठेवू नका. शिजल्यापासून तास-दीड तासात गार करून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून चांगल्या वाफा येईपर्यंत गरम करा.

तिखटमीठ

काका, उरलेल्यात ढोबळी आणि मका घालून परता. मग माझावाला होईल.